वडी, वाडी आणि साडू

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी खिशात हात घालतात. खिशातून कार्ड निघतं. कार्डावर त्यांचं नाव, आणि त्याच्याखाली तेच नाव पुन्हा इंग्रजीत, मध्ये कुठेही श्वास न घेता लिहिलेलं, आणि शेवटी डॉट कॉम. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला डॉट कॉम कशाला लागतं, हे मी बडोद्यातल्या पुष्कळ शहाण्या लोकांना विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. पण कार्ड मात्र सगळ्यांकडे होतं.

त्या वेबसाइटवर काय आहे ते सांगतो. उघडली की साडू. काळा चष्मा, कमरेवर हात, मागे कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणचा डोंगर, आणि डोंगराचा चेहरा असा की साडूंनी त्याला जरा मागे सरकायला सांगितलंय. खाली 'माझे विचार' असं एक पान. त्यावर 'वेळ अमूल्य आहे' हा विचार. तो वाचायला माझा बराच वेळ गेला, कारण आमच्या घराण्यात बारसं असो की बारावं, जेवणं झाली की मेहुणी टीव्हीला मोबाइल जोडते आणि सगळ्यांना ती वेबसाइट दाखवते. स्वतःच्या मुलाचा निकाल बघायला जे कधी चष्मा शोधत नाहीत, ते नातेवाईक दोन दोन चष्मे लावून ती बघतात. "आमच्या ह्यांचं नाव टाइप केलं की हेच येतात," असं मेहुणी म्हणते. मी घरी येऊन गुपचूप माझं नाव टाइप केलं. नाशिकचे एक दातांचे डॉक्टर आले.

त्या दिवशी माझ्या पोटात जे ॲसिड तयार झालं ते रिफायनरीत नेऊन ओतलं असतं तर एक युनिट आठवडाभर चाललं असतं. आणि हे मी हवेत बोलत नाही. माझी सगळी नोकरी रिफायनरीत, बॉयलरवर गेली. वाफ ही वस्तू माझ्याइतकी ओळखणारा माणूस बडोद्यात नाही. वाफेचा नुसता आवाज ऐकून मी तिचं वय सांगतो. निवृत्त झाल्यावर हे ज्ञान वाया जायला नको म्हणून, सुट्टीच्या दिवशी करायचो त्या अळूवड्या मी रोज करायला लागलो.

हसू नका. अळूवडीत सगळा खेळ वाफेचा आहे. पीठ कुणीही कालवतं, चिंचगूळ कुणीही घालतं, पानांच्या शिरा काढून एकावर एक पानं लावून उंडा कुणीही वळतं. पण वाफ कमी पडली की आत पीठ कच्चं, जास्त झाली की पान गेलं. माझी वडी अशी की कापली की चक्र, तळली की आरसा. खंडेराव मार्केटातली भाजीवाली काळ्या देठाची पानं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवते. पान एवढं मोठं असतं की एकदा घरी येताना ऊन फार होतं, मी एक पान डोक्यावर धरलं, तर मागच्या स्कूटरवरचं जोडपंही सावलीत आलं. आम्ही राहतो वाडीत, म्हणजे जुन्या शहरातल्या त्या नावाच्या भागात, पोळीत. पोळ म्हणजे आमच्याकडची गल्ली, खायची नव्हे. माझा उंडा वाफेवर चढला की पोळीतल्या स्कूटरी आपोआप हळू होतात. बडोद्यातल्या मराठी घरांतून फोन येत, डोहाळजेवणाला, मुंजीला, सत्यनारायणाला. मला वाटत होतं, माणसाला आणखी काय पाहिजे.

मग भाचीचं लग्न ठरलं. साडूंची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती आमच्याकडे यायची ती माझ्या वड्यांसाठी, मावशी नावाला. मुलाकडचे गुजराती, नडियादकडचे, माणसं मोकळी. ठरल्याच्या आनंदात साडूंकडे आम्ही जेवायला गेलो, आणि जेवताना मेन्यूचा विषय निघाला. मी काही बोललो नाही. मी फक्त अळूवडी हा शब्द तीन वेगवेगळ्या वाक्यांत घातला. साडू भात कालवत होते. ते कालवता कालवताच म्हणाले, "साडूबुवा, आता सगळं प्रोफेशनल असतं. ज्याची वेबसाइट नाही त्याला मी ऑर्डर देत नाही."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. भाचीच्या लग्नाच्या ताटात माझी वडी नाही आणि कुठल्यातरी केटररचं गिळगिळीत काहीतरी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं. घरी येताना रिक्षातच ठरवलं. वेबसाइट काढायची. साडूंच्यापेक्षा मोठी काढायची. आणि ती दाखवून ताटात जागा घ्यायची.

मुलीला बंगळूरला फोन लावला. ती असल्या कामात आहे. ती म्हणाली, बाबा, पान मी बनवून देते, पण आधी डोमेन घ्या, म्हणजे नाव. इंटरनेटवर घराला नाव लागतं, आणि जगात एका नावाचं एकच घर. ते विकतही मिळत नाही, वर्षावर्षाच्या भाड्याने घ्यायचं. पाटी आपली, भिंत लोकांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायको लॅपटॉपसमोर बसलो. नातवंडाचं नाव ठेवताना झाली नसतील एवढी भांडणं झाली. मी आधी 'अळूवडी' टाइप केलं. ते गेलेलं होतं. कुणी घेतलंय म्हणून बघितलं तर आत काहीच नाही, नुसतं 'हे नाव विकणे आहे' असा बोर्ड. स्वतः वडी करायची नाही आणि नावावर नाग होऊन बसायचं. त्या अनोळखी माणसाचा मी एवढा हेवा केला की त्या दिवशी त्याला उचकी लागून दवाखान्यात न्यावं लागलं असणार. बायको म्हणाली, जाऊ दे, नाहीतरी इंग्रजीतलं अळू उत्तरेकडचे लोक आलू वाचतात, आणि मग बटाटे मागायला येतील.

मग गावाचं नाव जोडायचं ठरलं. मी म्हटलं, बडोदे. आपण घरात बडोदेच म्हणतो. बायकोने ते इंग्रजीत टाइप करून माझ्याकडे वळवलं. "सुरुवातीला बॅड दिसतंय. खायच्या वस्तूला बॅड?" वडोदरा लांब पडत होतं. शेवटी बरोडा धरलं, कारण साहेबाने चूक लिहिलं असलं तरी जगाला तेच वाचता येतं. बायकोने हळूच सुचवलं की वडीच्या जागी पातरा लिहा, गुजराती लोकांना लगेच कळेल. मी तिला एवढंच सांगितलं की पातरा हा मऊ पदार्थ आहे, त्यावर तीळमोहरीची फोडणी पडते, आणि ज्याला स्वतःचा कुरकुरीतपणा नाही त्याचं नाव मी लावणार नाही. ती म्हणाली, बरं.

बरोडा, पुढे वडी, व्हीने. टाइप केलं. समोर हिरवी अक्षरं आली, नाव उपलब्ध आहे. मला एवढं भरून आलं की मी लॅपटॉप बंद केला आणि जेवून थोडा आडवा झालो. असल्या नावाला घाई करायची नसते, चांगल्या स्थळासारखं एक रात्र उशाशी घेऊन झोपायचं असतं, अशी माझी समजूत. मी दुपारीच झोपलो, आणि मी झोपलो तेवढ्यात बायकोने ताईला फोन केला. ह्या दोघी बहिणींत कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही. एकीला शिंक आली की दुसरी रुमाल काढते.

चहाच्या वेळी पुन्हा लॅपटॉप उघडला. हिरवं होतं ते लाल झालेलं. मी डोळे चोळत होतो तेवढ्यात फोन वाजला. साडू.

"घाबरू नका साडूबुवा, मीच घेऊन ठेवलंय. असली नावं हातची जातात. तुम्ही उठेपर्यंत कोण थांबणार? पाहिजे तेव्हा सांगा, देऊन टाकू."

देऊन टाकू. म्हणजे माझ्या वडीचं नाव, मला, साडू देणार. आणि मग प्रत्येक बारशाला टीव्ही जोडून सांगणार की ह्यांची वेबसाइट आहे ना, ते नाव मी दिलेलं. कर्णाने कवचकुंडलं दिली, पण त्याने निदान मागणाऱ्याची ती झोपेत असताना घेऊन ठेवली नव्हती. मी फोनवर हसलो. मला जे हसू येत होतं ते बॉयलरवर आलं असतं तर आम्ही मजला रिकामा केला असता.

फोन ठेवला आणि व्ही काढून डब्ल्यू घातला.

बायको मागे उभी होती. म्हणाली, "अहो, हे वाडी होतंय."

"होऊ दे. आपण वाडीतच राहतो," मी म्हटलं. आणि तेव्हा ते मला इतकं चतुर वाटलं की सांगता सोय नाही. एका अक्षरात वडीही आली आणि पत्ताही आला. साडूंच्या व्हीला काय, नुसताच व्ही.

नाव घेताना तो वेबसाइटवाला काय काय विचारतो म्हणता. डॉट कॉमबरोबर डॉट इन देऊ का, डॉट स्टोअर देऊ का, नावाला कुलूप देऊ का, तुमचा फोन नंबर लोकांपासून झाकून देऊ का. मी म्हटलं, नंबर झाकायचा कशाला, लोकांनी फोन करावा म्हणून तर हा उद्योग. ते कोड की काय येतं ते मोबाइलवर आलं, मोबाइल बायकोकडे, बायको गच्चीत ताईशी बोलत, आणि इकडे पडद्यावर आकडे उलटे पळतायत. मी गच्चीपर्यंत ज्या वेगाने गेलो त्या वेगाने शेजारच्यांची वाळत घातलेली चादर आमच्याकडे आली. पण नाव झालं. माझ्या नावावर रजिस्टर झालं. आमच्या घरात दोनच गोष्टी रजिस्टर झाल्या आहेत, मुलीचं लग्न आणि हे. मुलीचं तर बंगळूरच्या ऑफिसात चहा निवायच्या आत झालं. मी वड्या डब्यातून नेल्या होत्या, त्या साक्षीदारांनी आणि शिपायाने खाल्ल्या. साडूंना मात्र मांडव, पंगत, बिदाई सगळं मिळणार होतं. असो.

तर संध्याकाळपासून फोन सुरू झाले. वडीसाठी नव्हेत. तुमची वेबसाइट आम्ही बनवून देतो म्हणणारे. दिल्लीहून, इंदूरहून, अख्ख्या देशाला माझी वेबसाइट बनवायची होती. मला वाटलं कीर्ती पसरली. मुलीने सांगितलं, नंबर झाकला नाही ना, मग हे होणारच.

तिने रविवारी पान बनवून दिलं. तयार साचे मिळतात त्यातला एक घेतला. वर नाव, खाली वडीचा जवळून काढलेला फोटो, इतका जवळून की सतरंजी गुंडाळून ठेवल्यासारखी दिसायची. त्याखाली एक मोठं केशरी बटण, इंग्रजीत 'बुक नाऊ'. मी विचारलं, इथे ऑर्डर लिहिता येईल का. ती म्हणाली, बाबा, बुक म्हणजे तेच.

पहिला खरा फोन आला तो जवळच्या पादरा गावाहून. मी टोपलीत पानं पुसत बसलो होतो. तिकडे एक भारदस्त आवाज.

"हॅलो, वाडी खाली छे?"

मला वाटलं गृहस्थ गुजराती आहेत, वडीला वाडी म्हणतात, आणि मराठी माणसाशी बोलायचं म्हणून कामापुरतं मराठी मिसळतायत. वडी खाल्ली आहे का, असं विचारतायत. मालक स्वतः खातो की नाही हे विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे पारखी. मी म्हटलं, "हमणां ज खाधी." म्हणजे आत्ताच खाल्ली.

ते म्हणाले, "तो पाछी क्यारे खाली थशे?" म्हणजे मग पुन्हा कधी होणार. मी म्हटलं रोजच होते, झाली रे झाली की लगेच. ते खूश झाले. केटला माणस बेसे, किती माणसं बसतात, असं विचारलं. मी म्हटलं बसायची गरजच पडत नाही, उभ्या उभ्याच खातात सगळे. "बुफे," ते म्हणाले, "सरस." मग विचारलं, एसी आहे का. मी जरा दुखावलोच. म्हटलं, एसी कसली, एकदम गरम, नुसती वाफ निघते. फोनवर एवढी शांतता पसरली की मला पादऱ्याच्या कावळ्यांचा आवाज आला. मग ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "अने पार्किंग?"

बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. ती पदर तोंडात कोंबून हसत होती. हसणं ओसरल्यावर तिने मला समजावलं. ज्यांनी बडोद्यात दिवस काढलेले नाहीत त्यांच्यासाठी मीही सांगतो. गुजरातीत खाली म्हणजे रिकामी. आणि वाडी म्हणजे जातीजमातीचं लग्नकार्याचं सभागृह. वर हॉल, खाली जेवायची जागा, मागे आचाऱ्याच्या चुली. बडोद्यात जन्म काढला, शेकडो वाड्यांत जेवलो, अर्ध्या वाड्यांत माझी चप्पल हरवलेली आहे, आणि नाव घेताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात फक्त साडूंचा व्ही होता.

लगीनसराई तोंडावर आलेली. बरोडा वाडी, बुक नाऊ, खाली नंबर. लोकांनी आणखी काय समजायचं. सकाळी दात घासताना फोन, आंघोळीला गेलो की फोन. कुणाला वरचा हॉल हवा, कुणाला मांडवाला खांब आहेत का हे हवं. एका बाईंनी वधूसाठी खोलीत आरसा मोठा आहे ना, असं विचारलं, मी म्हटलं आहे. का म्हटलं देव जाणे. पण पुढे पुढे मी तयार झालो. आधी लोकांचं सगळं ऐकून घ्यायचं, मग खऱ्या वाडीचा नंबर द्यायचा, आणि मग हलकेच विचारायचं की जेवणात अळूवडी ठेवताय की नाही. मला शहरातल्या सगळ्या वाड्या, त्यांचे मॅनेजर, कुणाची मोटार बिघडलीय आणि कुणाकडे पाणी कमी येतं हे पाठ झालं. नगरशेठलासुद्धा एवढी माहिती नसेल. गंमत म्हणजे ऑर्डरी यायला लागल्या. वाडी मागायला आलेली माणसं वडी घेऊन जायला लागली.

पण घराण्यात ती गोष्ट गेली नाही. घराण्यात गेली ती पार्किंगची. बायकोने ताईला सांगितली, ताईने साडूंना, आणि साडूंनी ती अशी सांगायला सुरुवात केली की जणू फोनवर तेच होते. ज्या गोष्टीत मी मूर्ख ठरलो, ती सांगून कौतुक साडूंचं व्हायला लागलं. माणसाने दुसऱ्याच्या शहाणपणाचा हेवा करावा हे ठीक आहे, पण माझ्यावर माझ्याच मूर्खपणाच्या यशाचा हेवा करायची पाळी आली. एका साखरपुड्यात वीसेक माणसांत ते मला म्हणाले, "काय साडूबुवा, आमच्या मुलीच्या लग्नाला तुमची वाडी मिळेल का?" मी म्हटलं, तारीख सांगा, बघतो. लोक त्यावरही हसले, पण माझ्याकडे बघून.

साडूंना वाडी लागणार नव्हती. त्यांनी शहराबाहेरचा पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नकार्याला मिळणारं मैदान, घेतला होता. एवढं गवत की त्यात एखादं गाव वसेल, आणि कारंजं. ते कारंजं मी कार्यक्रमांतून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला सर्दी झाली होती.

लग्न जवळ येत चाललेलं असताना प्लॉटवाल्याचा त्यांना फोन गेला. काहीतरी परवानगीचं अडलं होतं, यंदा देता येणार नाही. ताई बायकोशी फोनवर रडली. पत्रिका वाटायच्या बाकी होत्या एवढाच दिलासा. मुहूर्त मोठा, त्या दिवशी बडोद्यात वाडीच काय, शाळेचं मैदानही मोकळं नव्हतं. साडूंनी शंभर ठिकाणी कार्डं दिली. कार्ड बघून वाडी रिकामी होत नाही.

खरं सांगायचं तर ती दुपार माझी फार चांगली गेली. मी दोनदा चहा प्यालो. बायकोने मला गुणगुणताना पकडलं आणि असं बघितलं की सूर तिथेच मोडला.

दिवेलागणीला एक फोन आला. आवाज थकलेला, वयस्कर, गुजराती. म्हणाले, आमच्या मुलीचं बुकिंग होतं, ते रद्द करायचंय. लग्न मोडलं. मी नेहमीसारखं सांगायला गेलो की ही वाडी नव्हे, पण तो माणूस थांबेना. बहुधा पहिल्यांदाच कुणालातरी सांगत होता. मी ऐकून घेतलं. मग कुठली वाडी, कुठला दिवस विचारलं. वाडी आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. दिवस भाचीचा.

मी त्यांना खऱ्या मॅनेजरचा नंबर दिला. वड्यांचं काही विचारलं नाही. फोन ठेवला. बायकोने विचारलं कुणाचा. मी म्हटलं, वाडीचा. आणि तेवढाच वेळ, गॅसवरचं दूध वर येईपर्यंत, ही बातमी जगात फक्त माझ्याकडे होती. मी गप्प बसलो असतो तर साडूंचं कारंजं, मांडव, टीव्हीवरची वेबसाइट, सगळं एका दमात खाली आलं असतं. तसं मनात आलं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मग भाचीचं तोंड आठवलं, पानांच्या शिरा काढायला शेजारी बसायची आणि कच्चं पीठ चाटायची ते. मॅनेजरला फोन करून सांगितलं, एक बुकिंग रद्द होईल, ते झालं की दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी माणूस घेऊन येतो. तो म्हणाला, तुम्ही म्हणताय तर ठेवतो. बॉयलरवर इतकी वर्षं काढली, पण मी म्हणतोय म्हणून कुणी काही ठेवल्याचं आठवत नाही.

रिक्षा करून साडूंकडे गेलो. ते सोफ्यावर बसले होते, कार्डांची गड्डी समोर टाकून. मी उभ्या उभ्या म्हटलं, "वाडी आहे. त्याच दिवशी. एक अट आहे, ताटात वडी माझी."

ताईने हात जोडले. भाची दारात येऊन उभी राहिली. साडूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अट कसली त्यात," ते म्हणाले, "ते तर मीच सांगणार होतो."

जगातली कुठलीही चांगली गोष्ट आपणच सांगणार होतो असं म्हणायची साडूंना सवय आहे. मी सोडून दिलं. म्हणजे, इथे लिहून ठेवलं.

त्या वड्यांचं काय सांगू. पानं पादऱ्याहून टेम्पोतून आली. टेम्पो आमच्या पोळीत शिरला तेव्हा लोकांना वाटलं शेतच रस्ता चुकलंय. भाड्याने आणलेली वाफेची पातेली वाडीच्या मागच्या चुलींवर चढवली आणि मी तिथे पहाटेपासून उभा राहिलो. रिफायनरीतला कुणी बघता तर म्हणाला असता, युनिट चालू आहे. केटररची माणसं आधी नाकं मुरडत होती, मग एकेक जण मीठ बघायच्या निमित्ताने येऊन खाऊन जाऊ लागला. वाफ एवढी की वर हॉलमध्ये गुरुजींना मंगलाष्टकं होमाच्या धुरात म्हणतोय की कशाच्या, हे कळेना.

जेवणाची पंगत बसली. मी शर्ट न बदलताच झारा घेऊन पुढे आलो. आणि बघितलं, लोक वडी खाताना बोलायचे थांबत होते. नडियादचे पाहुणे तिसऱ्यांदा मागत होते. मुलाचे वडील ताट हातात घेऊनच उठले आणि साडूंकडे गेले. मी जवळच होतो, पण घामाने ओला, हातात झारा, मला कोण ओळखणार. ते साडूंचा हात धरून म्हणाले की आम्ही आयुष्यात पुष्कळ खाल्लं, पण असं नाही खाल्लं, कुणाकडून आणवलंत. मागे आणखी चारपाच जण वाकून ऐकत होते.

मला वाटलं, आता. आता साडू बोट करतील, माझ्याकडे. बोट केलं असतं तर झारा टाकून मिठी मारली असती मी.

साडूंचा हात खिशाकडे गेला. कार्ड काढलं नाही. छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कुणाकडून काय, घरचीच आहे."

सगळ्यांनी मान डोलावली. घरचीच, वा. साडूंच्या पाठीवर थापा पडल्या. कुणीतरी ताईला म्हणालं, तुमच्या घराण्याचा हात वेगळाच. मी झारा घेऊन मागे चुलींकडे आलो, तिथे बायको उरलेले उंडे कापत होती. मी तिला सांगितलं, बघ, माझी वडी, माझी वाफ, पहाटेपासून माझे पाय, आणि हा माणूस म्हणतो घरची.

तिने सुरी थांबवली नाही. "मग," ती म्हणाली, "चुकीचं काय बोलले?"

पुढून कुणीतरी ओरडलं की वडी संपली, आणखी आणा. मी पुढचं ताट भरलं आणि गेलो.